मामांचा डबा कामावर आहे

लग्नानंतर पहिल्यांदा मामांच्या घरी गेलो, तेव्हा त्यांनी माझी ओळख आधी एका परातीशी करून दिली.

"ही माझ्या आत्याची. अजून कामावर हाय," ते म्हणाले. मी नवा जावई. वडीलधाऱ्यांपुढे वाकायची इतकी सवय झालेली, की परातीलाही नमस्कार करायच्या बेतात होतो. बायकोनं, म्हणजे नंदानं, कोपरानं ढोसलं म्हणून वाचलो. मग आज्याच्या तांब्याशी ओळख झाली, पणजीच्या वरवंट्याशी झाली, तांब्याच्या घंगाळाशी झाली. शेवटी मामांना माझी आठवण झाली. महाडच्या स्टँडजवळ माझं झेरॉक्सचं दुकान आहे म्हटल्यावर त्यांनी ते कधीपासूनचं असं विचारलं. तीन वर्षं झाली म्हणताच सहानुभूतीनं मान हलवली आणि पुन्हा परातीकडे वळले.

सखाराममामा नंदाचे सख्खे मामा. पोलादपूरच्या वर, डोंगराच्या माथ्याशी त्यांची वाडी. निम्म्या घरांना कुलपं, कारण माणसं मुंबईला. मामी जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा नालासोपाऱ्याला. वर उरले मामा, एक म्हैस आणि ही सगळी कामावरची मंडळी.

त्या घरात 'जुनं' हा शब्द चालत नाही. वस्तू एक तर कामावर असते, नाही तर शिकाऊ. मुलानं मुंबईहून आणलेला मिक्सर शिकाऊ आहे. "हात बसला नाय अजून त्याचा," असं मामा म्हणतात. मांजरानं दुधाचं झाकण उघडू नये म्हणून ते तो पातेल्यावर ठेवतात. त्याला ते काम चांगलं जमतं. मोबाइलही शिकाऊ. वाडीत रेंज फक्त वळणावरच्या जांभळीखाली मिळते, त्यामुळे तो बहुतेक वेळ पिशवीत घालून खुंटीला टांगलेला असतो.

मामांचे सगळे दात पडले, पण वडिलांचा अडकित्ता कामावर आहे. आल्या-गेल्याला सुपारी कातरून द्यायची आणि त्याचं तोंड हलताना बघत बसायचं. तांदूळ मोजायला लाकडी अदली आहे. भात करायचा तर तिनंच मापून, आणि ते माप कधी चुकत नाही. सगळ्यात कमाल त्या पितळी कुलपाची. दाराची कडी कधीच कुजून पडली, पण कुलूप ठणठणीत. मग मामा बाहेर जाताना दार नुसतं लोटतात, शेजारच्या खिळ्यात कुलूप अडकवतात, वीतभर लांब किल्लीनं ते बंद करतात आणि दोनदा ओढून बघतात. मी एकदा म्हटलं, मामा, दार तर उघडंच राहिलं. ते म्हणाले, "त्यात कुलपाची काय चूक?"

आता डबा. पितळेचा, उभट, कडीचा, झाकणाला एक पोचा आलेला. पोटावर ठिपक्याठिपक्यांनी मामांच्या आईचं नाव घातलेलं. पुढे मामा त्यातून महाडला दिलेल्या बहिणीला, म्हणजे माझ्या सासूबाईंना, वानवळा पाठवू लागले. सासूबाई गेल्यावर डबा नंदाकडे यायला लागला. दर गुरुवारी तो वडापच्या जीपमधून माझ्या दुकानात उतरतो. कधी खरवस, कधी तूप, कधी नुसती करवंदं.

आलेलं भांडं रिकामं परत करायचं नाही, हे सगळीकडेच पाळतात. पण मामांचंही तेच आणि नंदाचंही तेच, त्यामुळे सुटका कुणाचीच नाही. गुरुवारी डबा आला की शुक्रवारी काय घालून पाठवायचं ह्या चिंतेत आमचं घर बुडून जातं. एका पावसाळ्यात नदीचं पाणी गल्लीत शिरलं तेव्हा नंदानं आधी डबा माळ्यावर टाकला, मग कागदपत्रं, आणि मग मला हाक मारली. घरात काहीच नसेल तर ती चिमूटभर साखर घालते, पण रिकामा पाठवत नाही. रिकामा डबा फक्त अशा घरातून परत जातो जिथं कुणी गेलेलं असतं. त्या घरची चूल बंद असते. तिथलं काही घ्यायचं नसतं.

हे मला माहीत होतं. जीपवाल्या दिलीपला नव्हतं. तो घाटावरचा, नुकताच ह्या रस्त्यावर आलेला.

मागच्या वर्षी एका शुक्रवारी नंदानं चकल्या पाठवल्या. पोलादपूरच्या पुढे चढणीवर जीपचं चाक बसलं. स्टेपनी आधीच बसलेली. माणसं रस्त्याकडेला ताटकळली, एक पोर भुकेनं रडायला लागलं. दिलीपनं त्याला एक चकली दिली. मग त्याच्या आईला दिली. मग एकाला दिली आणि दुसऱ्याला नाही, हे बरं दिसेना. बघता बघता डबा संपला. दिलीप संस्कारी माणूस. खरकटा डबा कसा द्यायचा, म्हणून त्यानं झऱ्यावर तो लख्ख घासला, रुमालानं कोरडा केला आणि वर मामांच्या हातात ठेवला. चकल्यांचं सांगायचं तेवढं राहून गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकानात कुणाच्या तरी दाखल्याच्या प्रती काढत होतो. समोर मामा उभे. दाढी वाढलेली, कंबरेला ती किल्ली, हातात डबा. आत आले आणि माझ्या पाठीवरून हात फिरवायला लागले.

"आधी जेवून घ्या," म्हणाले.

सकाळचे दहा वाजले होते. डब्यात पिठलं-भात होता. मामांच्या तऱ्हा मला माहीत, वाद घालण्यापेक्षा जेवणं सोपं. मी काउंटरवरच बसलो. पिठलं फक्कड झालं होतं, मी तसं सांगितलंही. मामा माझ्याकडे टक लावून बघत राहिले. मी विचारलं, मामा, ठेचा नाही आणला का? त्यांनी डोळेच मिटून घेतले.

तेवढ्यात घराची किल्ली मागायला नंदा दुकानात आली. मामा उठून उभे राहिले आणि लगेच कागदाच्या गठ्ठ्यावर मटकन बसले.

"तू हायस?" त्यांनी विचारलं.

"मी कुठे जाणार?" नंदा म्हणाली.

घरी गेल्यावर सगळा उलगडा झाला. मी पोट दुखेस्तोवर हसलो. नंदाही हसली, मग मामांवर रागावली. एक फोन करायला काय झालं होतं?

"असलं फोनवर इचारतात काय?" मामा म्हणाले. मग डब्याच्या झाकणावरचा पोचा चाचपत राहिले. "तुझी आय गेली तवा माणूस पोचायच्या आधी डबाच पोचला होता. मी नुसता हातात धरला. हलका लागला."

मी ठेचा मागितला होता, त्याचं मला फार वाईट वाटलं.

संध्याकाळच्या जीपला त्यांना सोडायला गेलो. डब्यात नंदानं शिरा दाबून भरला होता. जीपमध्ये बसता बसता मामांनी विचारलं, "आणि माझ्याकडून डबा नाय आला, तर काय करशील गो?"

"वर येईन," नंदा म्हणाली.

"फोन करशील."

"तुमचा फोन शिकाऊ आहे. येईन."

मामांनी मान डोलावली आणि विषय संपला.

पुढचे काही गुरुवार डबा नेमानं आला. मग एका गुरुवारी जीप आली, डबा नव्हता. मामा वळणावर आलेच नाहीत, असं दिलीप म्हणाला. फोन लागेना. नंदा चपला घालून दुकानाच्या पायरीवर उभी राहिली होती. मी शटर ओढलं आणि आम्ही त्याच जीपनं निघालो.

खिळ्यात कुलूप नव्हतं. म्हणजे मामा घरात होते. दार लोटलेलं. नंदा अंगणातच थांबली. मीच दार ढकललं.

चुलीजवळ मामा बसले होते. दाढी केलेली, अंगात धुतलेला सदरा. शेजारी डबा, भरलेला, झाकण लावलेला.

"पाठवला का नाही?" माझा आवाज चढलाच.

"बगत होतो," मामा म्हणाले. "कामावर हाय का नाय."

नंदा आत आली आणि तिनं मामांना तोंडाला येईल ते सुनावलं. रडत होती आणि सुनावत होती. मामा खाली मान घालून ऐकत होते, आणि मला तर वाटतं त्यांना ते बरं वाटत होतं. तिचं संपल्यावर ते उठले, ताटं मांडली आणि चुलीवरचं पातेलं उतरवलं. त्यांनी सकाळीच अदलीनं तिघांचे तांदूळ मापून घेतले होते.