नानांनी राखलेली जागा

आमच्या ग्रामपंचायतीसमोर पांढऱ्या फक्कीने आखलेला एक लांबट चौकोन आहे. त्यात उभे राहिलात तर देवराम नाना शांतपणे सांगतील, "पावणं, बाजूला या. गाडी उभी हाय तिथं."

गाडी नाही. कधीच नव्हती.

एका निवडणुकीच्या सभेत पुढाऱ्यांनी याच मैदानावर माइकवरून सांगितलं होतं, "येत्या पावसाळ्याआधी तुमच्या गावाला रुग्णवाहिका देतो." आमचं गाव आंबेगावच्या पश्चिमेला, डोंगरात. अडलेल्या बाईला मंचरला न्यायचं तर आधी जीप शोधायची, मग ड्रायव्हर. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि घरी गेले. नाना दुसऱ्या दिवशी मंचरला गेले. तिथे उभ्या असलेल्या एका रुग्णवाहिकेला सुतळी लावून मापं घ्यायला लागले. ड्रायव्हर चहा टाकून धावत आला.

"बाबा, काय करताय?"

"काय न्हाई. आमच्याकडं अशीच येणार हाय. मागलं दार किती उघडतं, त्येवढं दावा."

म्हणून तो चौकोन मागच्या बाजूला दोन हात जास्त आहे. स्ट्रेचर बाहेर काढायला.

दर रविवारी नवी फक्की पडते. शेळ्या, दुधाचा टेंपो, लग्नाचा बँड, सगळ्यांना तिथून हाकललं जातं. पुढच्या निवडणुकीला तेच पुढारी आले आणि त्यांची गाडी नेमकी चौकोनात थांबली. नाना हात जोडून काचेपाशी गेले.

"साहेब, जरा मागं घ्या. तुमीच दिलेल्या गाडीची जागा हाय."

"मिळेल नाना, लवकरच."

"कंच्या पावसाळ्याआधी, त्येवढं सांगा. बोल्ला व्हता त्याला पाच पावसाळं झालं."

सगळे हसले. मीही हसले, फाइल तोंडापुढे धरून.

मी इथली ग्रामसेविका. महिन्याच्या पहिल्या सोमवारी नाना माझ्याकडे अर्ज आणायचे: दिलेल्या शब्दाचं काय झालं? मजकूर तोच, तारीख नवी. अर्ज देऊन तासभर बोलत बसायचे. तेवढ्यात सह्या करता करता माझा दाखल्यांचा गठ्ठा संपायचा.

शेवटी त्यांनी माहितीच्या अधिकारात तालुक्याहून रुग्णवाहिकेच्या फाइलची नक्कल मागवली. पाकीट वाचायला माझ्याकडे आणलं. दुसऱ्या पानावर आमच्याच ग्रामपंचायतीने भरून पाठवलेला तक्ता होता. 'वाहन उभे करण्यास जागा आहे काय?' पुढे 'नाही'. खाली माझी सही.

मला तो दिवस आठवला. संध्याकाळच्या आत सात तक्ते पाठवायचे होते. 'होय' लिहिलं की नकाशा, फोटो, दाखला जोडावा लागतो. 'नाही'ला काहीच जोडावं लागत नाही. मी रकानाभर 'नाही' लिहीत गेले. खिडकीतून चौकोन दिसत होता.

"काय लिवलंय, म्याडम?"

"विचाराधीन आहे," मी म्हणाले आणि पान उलटलं.

पुढच्या ग्रामसभेला तालुक्याचे साहेब आले. नाना उभे राहिले, नेहमीचा प्रश्न विचारला. साहेबांनी फाइल उघडली. "तुमच्याच गावानं जागा नाही म्हणून कळवलंय. सरकार काय करणार?"

"कुणी कळवलं?" मागून आवाज आला.

मी इतिवृत्ताच्या वहीत डोकं घातलं. नाना उभेच होते.

"म्याच सांगितलं व्हतं म्याडमला. तवा माझी लाकडं पडली व्हती तिथं."

मोठा हशा पिकला. "म्हंजे नाना, गाडी तुमीच घालवली व्हय? लई भारी राव." नाना मान हलवत राहिले. हसू ओसरल्यावर साहेबांना म्हणाले, "आता जागा मोकळी हाय, असं लिवा. आन कंच्या महिन्यात देणार, त्येबी लिवा."

साहेबांनी पहिलं लिहिलं. दुसरं नाही.

सभा उठल्यावर मी नानांना गाठलं. "तुम्हाला माहीत होतं?"

"नातीनं आदीच वाचून दावलं व्हतं. म्हणलं, बघू तुमी काय सांगताय."

"मग मला का सांभाळून घेतलंत?"

"तुमची बदली झाली आस्ती," ते म्हणाले. "म्या बोलाय लागलो की घरात समदी उठून जात्यात. या गावात माझं तासभर ऐकून घेणारं दुसरं कोन हाय?"

इतक्या सोमवारी नाना समोर बसून काय काय बोलले होते, त्यातलं एकही वाक्य मला आठवत नव्हतं.