कोईमतूरची लाईन

कुणीही बोलायला लागलं की गिरिजाक्का तीन मिनिटं मोजते. माणूस फोनवर असो, दारात उभा असो, नाहीतर दवाखान्यात खाटेवर पडलेला असो. आमच्या गल्लीतले एक आजोबा गेले तेव्हा सगळे त्यांच्या घरी जमलो होतो. त्यांची बहीण एकेक आठवण काढून मोठ्यानं रडत होती. अक्का भिंतीला टेकून डोळे मिटून ऐकत होती. मधेच तिनं हात वर केला आणि म्हणाली, "तीन मिनिटं झाली. वाढवू?"

रडणं थांबलं. सगळ्यांनी माना खाली घातल्या, काहींनी हसू दाबायला. बहिणीला राग आला की काय कळेना. पण तिनं डोळे पुसले आणि प्यायला पाणी मागितलं. सकाळपासून तिच्या पोटात पाणीसुद्धा नव्हतं.

अक्का टेलिफोन खात्यात ट्रंक ऑपरेटर होती. त्या वेळी बाहेरगावी बोलायचं म्हणजे आधी नंबर नोंदवायचा आणि ऑपरेटर जोडून देईपर्यंत ताटकळत बसायचं. तीन मिनिटं संपली की ती मधे तोंड घालून विचारायची, वाढवू? तो बोर्ड, त्या वायरी, सगळं कधीच भंगारात गेलं. अक्काही निवृत्त झाली. तिचा आवाज मात्र अजून कामावर आहे. आज तिच्या हातात मोबाईल असला तरी तो उचलून ती आधी गावाचं नाव सांगते, "कोल्हापूर! बोला."

शाहूपुरीत तिचं घर आमच्या भिंतीला लागून आहे. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी नवरा वारला, मूलबाळ नाही. मी शाळेत शिकवते म्हणून ती मला मास्तरीण म्हणते. तिचं माहेर सीमाभागातलं, नेसरीकडचं, घरात बोली कानडी. इतकी वर्षं भिंतीपलीकडून ऐकून मलाही बरीचशी कानडी समजायला लागली. शिकले म्हणणार नाही, कानावर आदळली.

आवाजावरून गाव ओळखायची तिची खोड आहे. "सांगलीची माणसं हॅलो म्हणायच्या आदी दम घेत्यात. सोलापूरची दोनदा हॅलो म्हणत्यात. पुण्याची म्हणतच न्हाईत, डायरेक कोण बोलतंय म्हणत्यात." कार्ड घ्या, विमा घ्या म्हणून फोन करणाऱ्या पोरींना ती कधी तोडत नाही. एकीला म्हणाली, "बाळ, घसा बसलाय तुजा. सकाळपास्नं कितीजणांस्नी तेच सांगितलंस? जा, गरम पाणी पी, मग कर." त्या पोरीनं दुसऱ्या दिवशी स्वतःच्या नंबरवरून फोन केला. विम्याचं काही बोलली नाही. अर्धा तास आपल्या सासूबद्दल बोलली.

पण अक्काची खरी लाईन एकच, कोईमतूरची.

उद्यमनगरातले कारखानदार मोटारी-पंपांसाठी कोईमतूरला फोन लावायचे. मधे बेंगळुरूवरनं जोडून घ्यावं लागायचं. एके दिवशी लाईन सारखी तुटत होती. इकडे कारखानदार ओरडतोय, तिकडे काही ऐकू जात नाही. अक्का वैतागून कानडीत म्हणाली, "हाळागि होगली!" म्हणजे सत्यानाश होवो. तर तिकडून बारीक आवाज आला, "यारु? नाना?" कोण? मी का?

तिकडची ऑपरेटर सरोजा. राहणारी तमिळ मुलखात, पण जात विणकरांची आणि पिढ्यान्‌पिढ्या घरची बोली कानडी. "कानडीला तमिळ लुगडं नेसवलंय," असं अक्का तिच्या बोलण्याला म्हणायची. सरोजाचं म्हणणं, अक्काची कानडी ऐकली की शेजारी भांडण लागल्यासारखं वाटतं. त्या दिवसापासून कारखानदारांचे नंबर जोडता जोडता दोघींनी आपापली घरं जोडली.

अक्काचा नवरा गेला, त्यानंतर ती कामावर परतली तेव्हा बोर्डासमोर बसली पण तोंडातून शब्द फुटेना. "लाईनवर सरोजा हुती," अक्कानं मला एकदा सांगितलं. "तिला वळखू आलं. म्हणाली, तू नुसती बस. मग माजं नंबर बी तीच बोलली, तिचं बी तीच बोलली. आट दिवस. आमच्या सायबाला कळलं बी न्हाई."

पुढे खात्याची गरज संपली तरी फोन चालू राहिला. रोज दुपारी चारला. अक्काचा आवाज असा की फोन नसता तरी तो कोईमतूरपर्यंत पोहोचला असता. गल्लीतल्या पोरांचा अभ्यास त्या वेळी बंद असायचा. सरोजाच्या मुलीचं बाळंतपण, तिच्या सुनेनं केलेला रसम, तिच्या नवऱ्याची मूतखड्याची शस्त्रक्रिया, सगळं आमच्या गल्लीला तोंडपाठ. एवढ्या वर्षांत दोघी भेटल्या मात्र तीनदा. एकदा सरोजा अंबाबाईच्या दर्शनाला आली होती. अक्कानं कौतुकानं तिला मिसळ खायला घातली. सरोजा पहिल्याच घासाला रडली आणि उरलेले चार दिवस दहीभात खाऊन काढले.

दोनेक वर्षांपूर्वी चारच्या फोनचा आवाज वाढला. आम्हाला वाटलं अक्काला कमी ऐकू यायला लागलं. मी तसं बोलूनही दाखवलं.

"मला न्हाय गं," ती म्हणाली. "तिला. मी इचारलं जेवलीस का, तर ती म्हणाली मंगळवारी."

सांगून ती हसली. मीही हसले. पुढच्या काही महिन्यांत हसण्यासारखं काही उरलं नाही. सरोजानं कानाचं यंत्र आणलं, ते फोनजवळ नेलं की शिट्टी घालायचं. मग डॉक्टर म्हणाले, नसाच गेल्यात, यंत्राचा उपयोग नाही. सुनेनं मोबाईलवर मजकूर पाठवायला सुरुवात केली. सकाळी गुलाबाची चित्रं यायची. अक्का ती मला दाखवायची आणि म्हणायची, "ह्यात ती कुठं हाय?"

मे महिन्यात तिनं माझ्या दारात येऊन फर्मान काढलं, "मास्तरीण, सुट्टी हाय न्हवं? कोईमतूरला जायचं."

मिरजेला रेल्वेत बसलो, बेंगळुरूला गाडी बदलली. अक्काच्या पिशवीत शेंगाच्या पोळ्या आणि गुळाची लहान ढेप. वाटेत ती इतकी बोलली की डब्यातल्या लोकांनाही सरोजाचा सगळा संसार कळला.

दारात सरोजा उभी होती. बारीक चणीची, जाड भिंगांचा चष्मा, केसांत मोगरा. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या आणि लाजल्या. खरंच लाजल्या. मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यांसमोर बसावं तशा दिवाणखान्यात समोरासमोर बसल्या.

अक्का बोलायला लागली. हळूहळू आवाज एवढा चढला की समोरच्या घराची खिडकी उघडली. सरोजा तिच्या ओठांकडे एकटक बघत होती. बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "गिरिजा, तुझं तोंड माझ्या ओळखीचं नाही. आवाज ओळखीचा होता."

अक्कानं समोरचा पाण्याचा पेला उचलला.

मग सुनेनं वही आणली. आता लिहायचं कशात? सरोजाला तमिळ अक्षर येतं, अक्काला मराठी, कानडी वाचता दोघींनाही येत नाही. उरली खात्यातली इंग्रजी. अक्कानं लिहिलं, 'हाऊ नी?' म्हणजे गुडघा कसा आहे. सरोजानं लिहिलं, 'नी ओके.' सरोजानं विचारलं, 'फूड?' अक्कानं लिहिलं, 'फूड ओके.' असं दोन पानं चाललं. मग अक्कानं वही मिटली आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "हे तारखात्याचं काम. आपलं खातं येगळं."

तिसऱ्या दिवशी निघायच्या आधी सरोजानं तिचा हात हातात घेतला. स्वतःचा आवाज कळत नसल्यानं ती एकसुरी, चढ्या पट्टीत बोलायची. म्हणाली, "आता फोन करू नकोस. चार वाजले की सून माझ्या कानाला फोन लावते. आत नुसता वारा असतो. मग दिवसभर तोच वारा कानात राहतो. नको करूस."

परतीच्या प्रवासात अक्का खिडकीबाहेर बघत बसली. समोरच्या बाईनं कुठल्या गावच्या म्हणून विचारलं, तर उत्तर मी दिलं.

त्यानंतर गल्ली चार वाजता शांत असायची. पहिले काही दिवस आम्हाला बरं वाटलं, हे खोटं कशाला बोलू? मग ती शांतता सोसवेना. अक्काचा फोन वाजून वाजून बंद व्हायचा. ती घराबाहेर कमी यायला लागली. दारात भेटली की "बरं हाय" एवढंच. चेहरा उतरला, दंडाची कातडी लोंबायला लागली. मी डबा नेऊन द्यायची, ती घ्यायची, दुसऱ्या दिवशी धुऊन परत करायची. खाल्लं की नाही, कळायला मार्ग नव्हता. विचारायला हवं होतं. शाळा, पेपर, घर, राहून गेलं.

श्रावणातली गोष्ट. दुपारी वाटीभर उकडलेल्या शेंगा घेऊन तिच्याकडे गेले. दार लोटलेलं होतं. अक्का खुर्चीत बसली होती, फोन कानाला, तोंड मिटलेलं. मला बघून तिनं ओठांवर बोट ठेवलं. फोनमधून सरोजाचा एकसुरी आवाज मला दारापर्यंत ऐकू येत होता. नातवाला ताप आलाय, मोगरा यंदा फुललाच नाही, नवरा चिडचिड करतो.

अक्कानं फोनवर तळवा ठेवून मला हळूच सांगितलं, "आटवडा झाला. सुनंनं लावून दिला पैल्यांदा. घरात कुणाशी बोलत न्हाई म्हणं ती. आपला आवाज कसा येतोय कळत न्हाई, लाज वाटती. माज्याशी बोलते म्हणाली. लाईन चालू हाय तवर सून तिच्या खांद्यावर हात ठिवून बसत्या. हात हाय म्हंजे मी हाय."

एवढं सांगून तिनं फोन पुन्हा कानाला लावला. मी शेंगांची वाटी घेऊन तशीच उंबऱ्यात थांबले. पलीकडे सरोजानं विचारलं, "तू कशी आहेस गिरिजा?" आणि ती थांबली. उत्तर येत असणार एवढा वेळ देऊन थांबली.

अक्कानं उत्तर दिलं. इतक्या वर्षांत तिला एवढ्या हळू बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. ती कानडीत म्हणाली, "भीती वाटते गं सरोजा. परवा न्हाणीत पडले. उठायला अर्धा तास लागला. कुणाला हाक मारू, सुचलंच नाही. शेजारी मास्तरीण आहे, पण तिला तिचे व्याप. असंच एक दिवस पडून राहिले तर कुणाला कळायचं?"

मला कानडी समजते, हे ती विसरली होती. की नव्हती, देव जाणे.

पलीकडे सरोजानं आणखी थोडा वेळ जाऊ दिला. मग मनापासून, आनंदानं म्हणाली, "ओळ्ळेदु, ओळ्ळेदु." छान, छान.

अक्कानं मान हलवली आणि पदरानं नाक पुसलं. मी वाटी खाली ठेवली आणि तिच्या शेजारी जमिनीवर बसले.