मसाल्याच्या व्हिडिओचं इतिवृत्त

बायकोच्या व्हिडिओत आपण लक्ष घालायचं, असं हेमकांतने ठरवलं आणि तिथेच घात झाला.

प्रतिभाने नंदुरबारी लाल मिरचीचा मसाला घरी कुटून विकायला काढला होता. गिऱ्हाईक मिळावं म्हणून व्हिडिओ टाकला, तर तीन आठवड्यांत तो एकवीस वेळा पाहिला गेला. त्यातल्या चौदा वेळा हेमकांतनेच (शूटिंगला मोबाईल त्याने धरला होता, म्हणून आपला हात कुठे कुठे हलला ते बघायला). मसाल्याची दोन पोती घरात तशीच, आणि प्रतिभाचा चेहरा उतरलेला.

ऑफिसातल्या रूपचंदने उपाय सांगितला. व्हिडिओत जे बोललं जातं ते कॅप्शन म्हणून खाली टाईप करायचं. सर्चला मसाला दिसत नाही, त्याला शब्द लागतात. ज्याचे शब्द जुळले त्याचा व्हिडिओ वर.

शब्द म्हटल्यावर हेमकांतची छाती फुगली. सव्वीस वर्षं तो ऑफिसात सभांची इतिवृत्तं लिहीत होता. बोललेलं सगळं कागदावर आलंच पाहिजे, मग अध्यक्ष शिंकले तरी. रविवारभर बसून त्याने कॅप्शन टाईप केल्या. प्रतिभाच्या तोंडी मसाला चारदाच आला होता. "मोबाईल सरळ धरा, तुमनं एक काम धड नही," हे मात्र अकरा वेळा. त्याने तेही प्रामाणिकपणे उतरवलं (मध्ये 'नवरा खोकतो' अशा नोंदींसकट).

महिनाभरात व्हिडिओ चाळीस हजारांवर गेला. हेमकांत गल्लीतून ताठ मानेने हिंडू लागला. तेवढ्यात शहाद्याहून त्याच्या बहिणीचा, प्रमिलाबाईंचा फोन आला. मसाला शोधला तर व्हिडिओ कुठेच नाही, म्हणाल्या. पण काल नवऱ्यावर वैतागून त्यांनी मोबाईललाच विचारलं होतं, एक काम धड न करणाऱ्या नवऱ्याचं करावं तरी काय.

"सर्वास्ना वर तूच उना, भाऊ."

कामचुकार नवऱ्यांच्या शोधात आपलाच व्हिडिओ सगळ्यांत वर आला, हे कळून हेमकांतला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो कॅप्शन काढायला बसला, तर प्रतिभाने त्याचा हात धरला. व्हिडिओखाली गावोगावच्या बायकांनी आपापल्या नवऱ्यांची गाऱ्हाणी लिहिली होती, आणि त्याखाली मसाल्याच्या ऑर्डरी. दोन्ही पोती संपायला आली होती.

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. तिचा चेहरा इतका खुलला होता, की हेमकांतने अपमान मुकाट गिळला.

पुढच्या व्हिडिओला तिने मोबाईल मुद्दाम त्याच्याच हाती दिला. हेमकांतही जीव ओतून उभा राहिला. पण त्या दिवशी नेमका हात दगडासारखा स्थिर, आणि खोकला काही केल्या येईना.

प्रतिभाने पाच मिनिटं वाट पाहिली आणि कपाळावर हात मारून घेतला. "आज हात हालस कसा नही? तुमनं एक काम धड नही."

रविवारी हेमकांतने तेही टाईप केलं.