आठवड्याला एक वाटी

अपेक्षा चेन्नईला निघाली तेव्हा तिने सासऱ्यांना एकच काम सांगितलं. बैठकीत, दाराशेजारी चिनीमातीच्या कुंडीत तिचा मनीप्लांट होता, तो सांभाळायचा.

"आबा, आठवड्यातून एकदा, वाटीभर पाणी. जास्त नको. आईच्या हातचा वेल हाय."

तिची आई दोन वर्षांपूर्वी माहेरी, कासुर्डीत वारली. आईच्या घरातून लेकीबरोबर सासरी न्हावऱ्याला आला तो तेवढा वेलच. कंपनीचं महिनाभराचं ट्रेनिंग नसतं तर तिने तो कुणाच्या हवाली केलाही नसता.

हौसरावांना मात्र तो जरासा अपमानच वाटला. उसाचं पान नुसतं उजेडाकडे धरून रोग सांगणारा माणूस, आणि त्याला सून पाणी द्यायला शिकवते.

"अगं, मी तीन एकराचं पाणी भरतो."

"म्हणून तर सांगते," अपेक्षा म्हणाली आणि बॅग उचलून गाडीत बसली.

शब्दाला मात्र हौसराव पक्के. दर सोमवारी मोजून एक वाटी, आणि लगेच कॅलेंडरवर पेनाने खूण.

दुसऱ्या सोमवारी खालची दोन पानं पिवळी दिसली. हौसरावांनी चष्मा चढवला, पान उलटंसुलटं केलं आणि निकाल दिला, "लोह कमी पडलंय." एवढं बोलून ते गप्प बसले असते तर वेल कदाचित वाचलाही असता. पण संध्याकाळी डेअरीवर दूध घालताना त्यांनी ते चारचौघांत सांगितलं, आणि आजाऱ्याला बघायला जायची गावाची रीत त्या वेलालाही लागू झाली.

पहिल्यांदा शेजारचे सावळाराम आले. अपेक्षाच्या सासूबाईंनी, झुंबरबाईंनी, पाण्याचा पेला पुढे केला. दारात आलेल्या माणसाला आधी पाणी, मग विचारपूस, हा त्यांचा नेम. सावळारामांनी दोन घोट घेतले, पेला खाली ठेवला आणि वेलाकडे बघत मान हलवली.

"लोह न्हाई हो आबा, नत्र. चिमूटभर युरिया टाका."

युरिया पडला. आणखी तीन पानं पिवळी झाली.

मग मोटारी दुरुस्त करणारा सुभान आला. त्याने पेला नुसता ओठाला लावला. "आबा, तुम्ही झाड घरात कोंडलंय. त्याला ऊन तरी दाखवा की."

दोघांनी मिळून कुंडी अंगणात नेली. सुभानला धाप लागली. "लई जड हाय ओ ही."

"चिनीमाती हाय. जड असणारच," हौसराव म्हणाले.

मे महिन्याचं ऊन बघून वेलाच्या पानांवर दोन तासांत तपकिरी चट्टे उठले. कुंडी परत आत आली. आता देठच मान टाकायला लागले, तेव्हा हौसरावांनी टोमॅटोला बांधतात तशी त्यांना सुतळी बांधली. वेल जसा खचत गेला तशी बघायला येणारी माणसं वाढली. जो येई तो म्हणे, "तहानलंय बिचारं."

"सोमवारशिवाय थेंब न्हाई," हौसराव म्हणत. "सुनेला शब्द दिलाय."

महिना भरला. अपेक्षा दारात आली तेव्हा सुभान नुकताच येऊन टेकला होता आणि झुंबरबाई त्याला पाणी देत होत्या. अपेक्षाने वेल बघितला. बॅग तशीच खाली ठेवून ती कुंडीपाशी बसली आणि तिने आतली काळी प्लॅस्टिकची कुंडी उचलली. चिनीमातीच्या कुंडीला खाली भोक नव्हतं, ती शोभेची. तिच्यात अर्ध्यापर्यंत हिरवट पाणी साचलं होतं आणि त्याला गटारासारखा वास येत होता.

"आबा, पाणी किती घातलं?"

"चार सोमवार, चार वाट्या. कॅलेंडर बघ."

तिने कॅलेंडर बघितलं. खुणा चारच होत्या. सासरे खोटं बोलत नव्हते, त्यामुळे ती जास्तच गोंधळली.

सुभानने दोन घोट घेऊन पेला खाली ठेवला. झुंबरबाईंनी तो उचलला आणि त्याच्याशी बोलता बोलताच उरलेलं पाणी नेहमीच्या जागी ओतलं. कुंडी जरा सरकलेली होती. पाणी अपेक्षाच्या पायावर पडलं.

तिने आधी ओल्या पायाकडे, मग सासूच्या हातातल्या पेल्याकडे बघितलं.

"आत्या, हे रोज?"

"मग काय करू? मोरीपर्यंत गुडघे साथ देत न्हाईत. आन् उष्टं झालं म्हणून पाणी का फेकून द्यायचं?"

हौसरावांनी आवाज चढवायला छाती भरून घेतली. "अगं, माझ्या डोळ्यांदेखत तू..."

"व्हय, तुमच्या डोळ्यांदेखतच. तुम्ही पान बघत होता."

छातीत भरलेली हवा हौसरावांनी तशीच सोडून दिली. महिनाभरात कोण कोण आलं ते त्यांना एकेक आठवायला लागलं. एकूण एक माणूस त्यांनीच डेअरीवर बोलावलेला होता. सुभान हळूच चपला शोधायला लागला.

अपेक्षा मुळं चाचपत होती. बोटांना नुसता मऊ, तपकिरी चिखल लागत होता. ती रागावली असती तर हौसरावांना बरं वाटलं असतं. 'चुकलं' असं म्हणायला त्यांनी तोंड उघडलं, पण बाहेर आलं ते वेगळंच, "माती भारी होती जरा."

"एखादा शेंडा तरी राहिला असता," अपेक्षा पुटपुटली.

"शेंडा हाय की," झुंबरबाई म्हणाल्या. "पाणी ओतताना मधीमधी यायचा. खुडला आन् बाटलीत खोचला."

स्वयंपाकघरात ओट्याच्या कडेला खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटलीत तो उभा होता. तीन हिरवीगार पानं, आणि पाण्यात दोऱ्यासारखी पांढरी मुळं. अपेक्षा आधी हसली, मग तिने ओढणीने डोळे पुसले.

हौसराव वाकले. पानाला हात न लावता त्यांनी बाटली निरखली आणि आयुष्यात पहिल्यांदाच विचारत असल्यासारखं हळू आवाजात विचारलं, "ह्याला पाणी किती ठेवायचं असतं?"

"राहू द्या आबा," अपेक्षा मऊपणाने म्हणाली. "ह्याचं आत्याच बघतील."

"बरं," हौसराव म्हणाले.

ते बैठकीत आले, चिनीमातीची कुंडी उचलून अंगणात घेऊन गेले आणि एका बाजूला कलती केली. पाणी बराच वेळ पडत राहिलं.