परुळेकर खुर्ची मागायला येतात

परुळेकर कुणाच्या घरी आले की आधी माणसांकडे बघत नाहीत, फर्निचरकडे बघतात. "कशा आहात वहिनी?" असं ते मला विचारतात, पण नजर टीपॉयवर असते. टीपॉय धड दिसला की माझीही प्रकृती बरी आहे असं ते धरून चालतात.

माझ्या मुलीला बघायला डोंबिवलीचे पाहुणे आले होते, तेव्हाची गोष्ट. पोह्यांच्या बशा बाहेर आल्या, मुलगी बाहेर आली, आणि उघड्या दारातून परुळेकरही आत आले. मुलाचे वडील माझ्या सासूबाईंच्या सागवानी खुर्चीत बसले होते. परुळेकर सरळ त्यांच्यासमोर गेले, गुडघे टेकले आणि खाली वाकले. पाहुण्यांना वाटलं, घरातलंच कुणीतरी नमस्कार करतंय. त्यांनी आशीर्वादाला हात वर केला. परुळेकर खुर्चीचा पाय बोटाने ठोकून बघत होते. मग त्यांनी पाहुण्यांना जरा उठण्याची खूण केली, खुर्ची उचलून वजन पाहिलं, खाली ठेवली, आणि "शनिवारी हातगाडी घेऊन येतो" असं मला सांगून निघून गेले. लग्न जमलं. माझे व्याही अजून विचारतात, तुमच्याकडचे ते नम्र गृहस्थ काय म्हणतात?

तर हे परुळेकर. मूळचे मालवणकडचे, मुलुंडला औषधांच्या एका कंपनीत स्टोअरमध्ये होते, आता बरीच वर्षं निवृत्त. नाटकात ते काम करत नाहीत, नाटक लिहीत नाहीत, बसवतही नाहीत. ते फक्त दरवर्षी थंडीत एकांकिकांचा महोत्सव भरवतात. मुलुंड पूर्वेला, शाळेच्या हॉलमध्ये, फुकट. तिकीट लावायचं नाही, कलाकारांकडून प्रवेशफी घ्यायची नाही, हा त्यांचा हट्ट. मग नेपथ्याला पैसे कुठून येणार? म्हणून नेपथ्य आमच्या घरांतून जायचं.

महोत्सवाच्या आदल्या दिवशी आमची अख्खी गल्ली रिकामी व्हायची. कुणाचं कपाट, कुणाचा पलंग, कुणाचा देव्हारा सुद्धा (देव काढून). प्रत्येक वस्तूच्या पोटाखाली परुळेकर खडूने मालकाचं आडनाव लिहायचे. त्या दिवसांत आम्ही जमिनीवर बसून जेवायचो आणि संध्याकाळी आपापलं सामान बघायला नाटकाला जायचो. हो, सामान बघायला. नाटक कसलं आहे याचं कुणाला पडलेलं नसे. पडदा उघडला की टाळ्या पडायच्या, आणि त्या नटांना नसायच्या, कदमबाईंच्या कपाटाला असायच्या. परुळेकर विंगेतून डोकं बाहेर काढून दटावायचे, "कपाटाला टाळ्या नकोत. कपाटाने अजून काही केलेलं नाही."

एका वर्षी माझं ड्रेसिंग टेबल गेलं. तेव्हा मी चाळिशीच्या अलीकडची होते आणि स्वतःला फार काही समजत होते. हिरवी साडी, केसांत अबोली, पहिल्या रांगेत मधली जागा. एकांकिका दुःखी होती. नवरा सोडून गेलेली बाई एकटीच बोलत असते. ती बोलत होती, आणि मला तिच्या मागच्या आरशात मी स्वच्छ दिसत होते, दिव्यांच्या उजेडात. इतकी बरी मी आमच्या ट्यूबलाइटमध्ये कधी दिसले नव्हते. मी बट कानामागे नेली. मग पुढे आणली. मान जरा तिरकी करून पाहिली. नायिका हुंदके देत होती आणि माझ्या मागच्या रांगा हसत होत्या, कारण आरशात त्यांनाही मीच दिसत होते. आमचे हे घरी येईपर्यंत माझ्या चार पावलं पुढे चालले. दार लावल्यावर म्हणाले, "बटेचं काम चांगलं झालं."

कुणाला लाज वाटली असती. मला वाटलं, आपल्यात अभिनय आहे. मी परुळेकरांच्या मागे लागले. शेवटी पुढच्या वर्षी त्यांनी कुठल्याशा ग्रुपला गळ घालून मला शेजारणीचं काम दिलं. एकच वाक्य, "अहो, तुमच्याकडे पोलीस आलेत." महिनाभर मी ते भाजी चिरताना म्हटलं, कपडे वाळत घालताना म्हटलं. दोनदा ऐकून खालचा दुधवाला घाबरून निघून गेला. प्रयोगाच्या दिवशी मी रंगमंचावर गेले आणि समोर पाहते तर सासूबाईंची खुर्ची, वर धुळीचा थर, आणि उशी उलटी. माझ्या सासूबाई त्या वेळी प्रेक्षकांत बसलेल्या. मी पदराने खुर्ची पुसली. उशी सुलटी केली. हात पुसले आणि आत निघून आले. पोलीस आल्याचं शेवटपर्यंत कुणाला कळलंच नाही. परीक्षकांनी मात्र सहज अभिनयासाठी माझं नाव घेतलं. परुळेकरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की वहिनी, याच्या वर आता तुम्हाला जाता येणार नाही, इथेच थांबा. मी थांबले.

ते दिवस गेले म्हणताना मला हसू येतं, कारण ते कसे गेले हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. ते लिफ्टमधून गेले. आमच्या बिल्डिंगा पाडून टॉवर झाले आणि फर्निचर भिंतीत गेलं. आता कपाट भिंतीला, पलंग भिंतीला, टीव्ही तर भिंतीच्या आतच. परुळेकर टॉवरच्या गेटवर उभे राहायचे, वॉचमन वही उघडून विचारायचा, कामाच्या रकान्यात काय लिहू? परुळेकर सांगायचे, "खुर्ची बघायला आलो." वॉचमन मोबाइलवरून वर विचारायचा, वरून नकार यायचा. एकदा माझ्या ओळखीने माझ्यासोबत एका घरात शिरले, तर तिथला सोफा काटकोनात वळलेला, लिफ्टमध्ये मावेना. परुळेकर त्याच्याभोवती एक फेरी मारून मला म्हणाले, "हो सोफो हयच मरतलो गो." म्हणजे हा आता इथून हलणार नाही, इथेच मरणार.

मग तो आजार आला, सगळं बंद झालं, आणि उघडल्यावर माणसांची ऐपतही आकसून गेली. सराफ दरवर्षी बॅनर द्यायचे, त्यांनी दुकानच भाड्याने दिलं. मिठाईवाल्यांकडून कलाकारांना नाश्ता यायचा, त्यांनी हात जोडले. यंदा शाळेने हॉलचं भाडं असं सांगितलं की परुळेकर पाणीही न पिता घरी परतले. मुलुंडपासून भांडुपपर्यंतची सगळी दारं त्यांनी ठोठावली. महोत्सव होणार की बंद पडणार, एवढाच प्रश्न आमच्या कट्ट्यावर महिनाभर होता.

कट्ट्याचं मत होतं, आता पुरे. मीच एकदा त्यांना तसं सांगितलं. म्हटलं, परुळेकर, एक वर्ष राहू दे, पुढच्या वर्षी बघू. ते बाकाची फळी चाचपत होते. खिळा वर आला होता, तो त्यांनी दगडाने आत ठोकला. मग म्हणाले, "वहिनी, एक वर्ष राहिला की कायमचा राहता. तीन ग्रुपच्या पोरांनी नाटक बसवलेला आसा. नोकरी सांभाळून बसवलेला आसा. पडदो वर जाऊक व्हयो." म्हणजे पडदा वर जायलाच हवा.

"अहो, पण कुठे?"

"होतला."

हा त्यांचा शब्द. होईल. हॉल नाही? होतला. दिवे नाहीत? होतला. एकदा ऐन प्रयोगाच्या दिवशी नायकाला कांजिण्या आल्या, तेव्हाही होतला म्हणाले, आणि नायक कांजिण्यांसकट उभा राहिला.

चार दिवसांनी प्रत्येकाच्या दारी येऊन ते सांगून गेले, की महोत्सव माझ्या घरी आहे, संध्याकाळी सहाला, येताना बसायला आपापलं घेऊन या.

आता इथे एक सांगायला हवं. इतक्या वर्षांत परुळेकरांच्या घरी आमच्यापैकी कुणीच गेलेलं नव्हतं. ते आमच्याकडे हक्काने येत, चहा उभ्यानेच पीत, पण त्यांच्याकडे जायचा प्रसंग आला नाही. लग्न त्यांनी केलं नव्हतं. आई होती, ती गेली तेव्हा ते तिला गावी घेऊन गेले होते. मिठागर रोडच्या जुन्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर राहतात, रिडेव्हलपमेंट अडकलंय, एवढं ठाऊक. आमचा अंदाज असा, की घर म्हणजे गोदाम असणार. चाळीस-चाळीस खुर्च्या रचलेल्या असतील, जुने पडदे, तलवारी, एखादं सिंहासन. कदमबाई तर म्हणायच्या, त्यांचा हरवलेला पाट तिथेच सापडणार.

तर त्या संध्याकाळी मिठागर रोडने आमची वरात निघाली. कुणाकडे प्लॅस्टिकची खुर्ची, कुणाकडे वेताचा मोडा, कुणाकडे बाल्कनीतली घडीची. कदमबाईंनी लोखंडी स्टूल डोक्यावर घेतलं होतं. सासूबाईंची सागवानी खुर्ची मी टॉवरमध्ये येतानाही सोडली नव्हती. सुनेला ती आवडत नाही, पण जड आहे म्हणून टाकताही येत नाही. ती मी रिक्षात घातली आणि तिच्या मांडीवर बसल्यासारखी स्वतः बसून गेले. रिक्षावाला म्हणाला, आजी, घर बदललं काय? मी म्हटलं, नाही रे बाबा, नाटकाला चाललेय. त्याने आरशातून दोनदा पाहिलं.

परुळेकरांनी दार उघडलं. घर रिकामं होतं.

म्हणजे खरंच रिकामं. दोन खोल्या, एका कोपऱ्यात लोखंडी खाट, एक फळी, तिच्यावर आईचा फोटो, आत गॅस आणि चार भांडी. टेबल नाही, कपाट नाही, खुर्ची एक नाही. त्यांचे कपडे खिळ्यांना टांगलेले. कदमबाई दारातच थांबल्या आणि स्टूल डोक्यावरून खाली घ्यायला विसरल्या. परुळेकर म्हणाले, "या, या. स्टेज तकडे, तुम्ही हकडे." आणि कुणाची खुर्ची कुठे लावायची हे सांगायला लागले. त्या दिवशी त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी कधी पाहिलं नव्हतं. घरी पाहुणे आल्यावर यजमान जसा उगाच इकडून तिकडे फिरतो, तसे ते फिरत होते.

प्रयोग झाले, तीन दिवस, रोज संध्याकाळी एक. पोरं आमच्या गुडघ्यांपासून हातभर अंतरावर काम करत होती. खाट एकदा हॉस्पिटल झाली, एकदा गच्ची, एकदा होडी. पडदा म्हणून आईचं जुनं नऊवारी लुगडं लावलं होतं, ते परुळेकर स्वतः ओढायचे. सामान बघायला जाणारी आम्ही माणसं, तिथे बघण्यासारखं सामानच नव्हतं. जन्मात पहिल्यांदा मी एकांकिका सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकली. बरी असतात.

शेवटच्या दिवशी लोक खुर्च्या उचलायला लागले, तर परुळेकर म्हणाले, "राहूंदे, राहूंदे. उद्या मी पोचवतंय." आम्ही मोकळ्या हातांनी घरी आलो.

उद्या कुणी आलं नाही. परवाही नाही. या माणसाने आजवर कुणाची वस्तू एक दिवस जास्त ठेवली नव्हती. आठवडा झाला तशी सून म्हणाली, आई, ती खुर्ची आली नाही का? खरं तर तिला जागा मोकळी झाली म्हणून बरंच वाटत होतं, पण हिशेब म्हणजे हिशेब. मी म्हटलं, बघून येते.

दुपार उलटून गेली होती. दार नुसतं लोटलेलं होतं. आत खुर्च्या होत्या, पण रांगेत नव्हत्या. भिंतीला लावून, कोपऱ्यांत, दोन-दोन समोरासमोर, जशा आपल्या घरात असतात तशा लावलेल्या. मोड्याजवळ वर्तमानपत्र होतं. माझी खुर्ची खिडकीशी होती, उशी सुलटी. परुळेकर खाटेवर बसले होते.

मला बघून ते उठले.  जवळच्या खुर्चीच्या पाठीवरून हात फिरवत, माझ्याकडे न बघता, बोलले. "रोज उद्या पोचवूया म्हणतंय. मगे वाटता, कोण इलो तर बसतलो खंय?"

कुणी आलं तर बसणार कुठे.  मी आपली खिडकीशी जाऊन खुर्चीत बसले. परुळेकरांनी चहा ठेवला. दुधाचा हिशेब चुकला, कारण एकापेक्षा जास्त कप त्यांनी केलेच नसावेत, आणि त्या काळ्याढोण चहाला मी छान म्हटलं. पुढच्या वर्षीचं बोलणं निघालं. गोरेगावच्या एका ग्रुपने आत्ताच विचारलंय, असं म्हणाले. बोलता बोलता कदमबाई आल्या, स्टूल न्यायला. परुळेकरांनी त्यांना बसा म्हटलं. त्या स्टुलावर बसल्या आणि गावच्या जत्रेचं काहीतरी सांगत बसल्या. दिवेलागणीला आम्ही दोघी मिळून निघालो, हात हलवत. वाटेत स्टुलाचा किंवा खुर्चीचा विषय कुणी काढला नाही.

घरी आल्यावर सुनेने विचारलंच. मी म्हटलं, खुर्चीचा पाय मोडलाय गं, सुताराकडे टाकलीय, वेळ लागेल.

पुढच्या आठवड्यात भाजीवाल्याकडे कदमबाईंचा मुलगा भेटला. मी सहज विचारलं, स्टूल आलं का रे परत? तर म्हणाला, नाही हो मावशी, आई म्हणते त्याचा पाय मोडलाय, सुताराकडे दिलंय.

स्टूल लोखंडी आहे. मी म्हटलं, हो का, अरेरे, आणि मेथीची जुडी घेतली.