गेनबा मुकादमांची सुट्टीतली टोळी

आमच्या गावात दिवाळीच्या सुट्टीत अभ्यास करायला पोरांना उचल मिळते. थट्टा नाही. मूठभर शेंगदाणे, गुळाचा खडा आणि एक नवीकोरी पेन्सिल आधी हातावर पडते, गणित मागाहून. उचल वाटणारा माणूस माझा शेजारी, गेनबा मुकादम. यांनी तीस वर्षं ऊसतोडीच्या टोळ्या नेल्या. म्हणजे दिवाळीआधी माणसांना उचल द्यायची, दिवाळी झाली की ट्रॅक्टरात भरायची आणि पाच-सहा महिने कारखान्याच्या फडावर ठेवायची. गुडघ्यांनी दगा दिला तसा धंदा सुटला, पण टोळी केल्याबिगर त्यांना दिवाळी गोड लागेना. आता पोरांची करतात.

पोरं जोडीनंच घेतात. फडावर नवरा-बायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात, म्हणून इथंही कोयताच. वडवणीच्या बाजारात एकदा त्यांनी मिशीला पीळ देत सांगितलं, “औंदा सोळा कोयते हायेत माझ्याकडं!” शेजारी उभ्या असलेल्या, अजून धंद्यात असलेल्या एका मुकादमाच्या हातातली जिलेबी खाली पडली. म्हाताऱ्यानं आपलीच माणसं फोडली, असं त्याला वाटलं. त्यातल्या निम्म्या मजुरांचे समोरचे दात पडलेले आहेत, हे त्याला कोण सांगणार?

सकाळी सातला पारावर हजेरी, मग काम. मुकादम स्वतः सातवी नापास. पण काठीची सावली मापून झाडाची उंची काढायची विद्या त्यांना कुणा मोजणीदारानं दिलेली. टोळीनं पहिल्या दिवशी लिंब मोजला, दुसऱ्या दिवशी पाण्याची टाकी आणि देवळाचा कळस. तिसऱ्या दिवशी गावात उंच असं काही उरलंच नाही, तेव्हा सगळे बसस्टँडवर गेले आणि वाढदिवसाच्या बॅनरवरचे पुढारी मोजून आले. नेमके खरे पुढारी दुपारी चहाला थांबले. कावेरी नावाची दहा वर्षांची पोरगी काठी घेऊन पुढं झाली, त्यांची सावली मापली, बोटांवर काहीतरी केलं आणि ओरडली, “मुकादम, बॅनरवर साडेतीन पट हायेत हे!” पुढारी हसले. न हसून करतात काय, बत्तीस पोरं पडताळा घ्यायला उभी होती.

रांगोळी, राख आणि विटांचा चुरा घेऊन टोळीनं पारासमोर गावाचा नकाशा काढला. इतका हुबेहूब, की माझ्या पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायच्या दुकानापुढचा खड्डासुद्धा त्यात होता, आणि एक म्हातारी तिच्या घरावर पाय पडू नये म्हणून वळसा घालून गेली. कपिलधारच्या देवस्थानाला नेलं, तेव्हा धबधब्याखाली कळशी धरून ती किती आकड्यांत भरते ते काढायला लावलं. दर्शनाला आलेले चार पाहुणेही मोजायला बसवले. परत आली तेव्हा सगळी टोळी निथळत होती, वही तेवढी कोरडी.

एकदा एक पोरगं उचल खाऊन आष्टीला मामाकडं पळालं. मुकादम एस.टी.नं मागोमाग. मामाच्या दारात उभं राहून म्हणाले, “उचल घेऊन पळतो का बे? टोळीत असली बेइमानी चालत न्हाई!” संध्याकाळी पळालेल्या पोरासह मामाची तीन पोरंही घेऊन आले.

मी एकदा विचारलंच, “तात्या, सुट्टी हाय. खेळू द्या की लेकरांना. कावून पिडता?”

“येड्या मिस्त्री,” ते म्हणाले, “ट्रॅक्टर कवा येतो? सुट्टीतच. शाळा चालू असली तर गुरुजी तरी इचारतो, पोरगं कुठं चाललं. सुट्टीत कोण इचारतंय? मला शाळा उघडल्यावर बत्तीसच्या बत्तीस पायजेत. बास.”

तेव्हा मला कळलं, की ते शेंगदाणे कशासाठी असतात.

यंदा पाचव्या दिवशी हजेरीला एकतीसच निघाली. कावेरी नव्हती. दरवर्षी तिचे आईबाप, सुदाम आणि रुक्मिन, तिला आणि तिच्या साडेतीन वर्षांच्या भावाला, बारक्याला, आजीपाशी ठेवून फडावर जायचे. आजी उन्हाळ्यात गेली. मुकादमांनी हजेरी तशीच टाकली आणि लंगडत चौकात निघाले. मागं टोळी, टोळीमागं मी, माझ्यामागं माझी आई.

ट्रॅक्टर भरला होता. बोचक्यांवर कावेरी, मांडीवर बारक्या.

“सुदाम, पोरगी खाली घे. तिनं उचल घेतलीय.”

ट्रॅक्टरातली सगळी हसली. सुदाम हसला नाही. “फडावर बारक्याला कोण बघंल, मुकादम? मला नेलं तवा मी नऊ वर्षांचा व्हतो. शाळेतून आलतो, दप्तर गळ्यातच व्हतं. तुमीच मला दोन्ही हातांनी उचलून वर बसिवलं.”

आवाजात राग नव्हता. यंदा पाऊस बरा झाला, असं सांगावं तसं त्यानं सांगितलं.

मुकादम ट्रॅक्टरच्या चाकाकडं बघत राहिले. मग म्हणाले, “व्हय. मीच बसिवलं. आता ह्या दोगांना मलाच उतरवू दे. बारक्याबी ऱ्हाईल.”

रुक्मिन म्हणाली, “तात्या, तुमच्या घरात बाईमाणूस न्हाई.”

“आन् मी काय मेलेय का गं?” माझी आई मागून कडाडली. “मधी एक भित हाय. भाकरी माझी, पोरगी माझ्यापाशी झोपंल. बारक्याला ह्यो म्हातारा संभाळू दे, लई रिकामा हाय.”

रुक्मिननं सुदामकडं पाहिलं. सुदामनं कावेरीचं बोचकं उचललं आणि खाली दिलं. कावेरी त्यामागं उडी मारून टोळीत घुसलीसुद्धा. बारक्याला मात्र रुक्मिन सोडेना. त्याला घेऊन खाली उतरली, त्याचं नाक पुसलं, आधीच सरळ असलेला सदरा सरळ केला.

“पाठीवर थापटल्याबिगर त्याला झोप येत न्हाई, तात्या.”

“थापटायचं म्हंजी कसं?”

“असं काय इचारता? तुमची तीन लेकरं वाढली की!”

“वाढली,” मुकादम म्हणाले. “मी फडावर असायचो.”

रुक्मिननं बारक्याला त्यांच्या खांद्यावर दिलं. मग त्यांचा हात धरून तिनं तो पोराच्या पाठीवर ठेवला. “जोरात न्हाई. हळू. आन् मधी थांबायचं न्हाई.”

मुकादम थापटू लागले. ड्रायव्हरनं दोनदा हॉर्न दिला. “चला की! उशीर व्हायलाय!”

“थांब बे,” मुकादम मान न वळवता म्हणाले, “शिकायलोय.”