मोघेबाईंचा मंद करंट

मोघेबाई पेशंटला करंट द्यायच्या आधी तो स्वतः चाखून बघायच्या. म्हणजे ओला पॅड आपल्या मनगटावर ठेवायचा, मशीनचं बटण हळूच फिरवायचं आणि आमटीत मीठ बरोबर पडलंय का बघावं तसे डोळे मिटायचे. मग म्हणायच्या, "हं. आज छान मुंग्या येतायत." एवढं झालं की मगच पेशंटचा पाय स्टुलावर.

ही नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. तेव्हा नेरूळमध्ये माणसांपेक्षा इमारती जास्त होत्या. आमच्या सोसायटीत निम्म्या खिडक्यांना पडदेच नव्हते. संध्याकाळी तळोज्याहून येणारी कंपनीची बस मला मोकळ्या रस्त्यावर सोडून जायची, खाडीकडून वारा सुटलेला असायचा, आणि तळमजल्यावर मोघेबाईंच्या पुढच्या खोलीतला दिवा दिसला की घरी आल्यासारखं वाटायचं. मुंबईतल्या एका हॉस्पिटलात जन्मभर फिजिओथेरपी करून त्या रिटायर झाल्या होत्या. लग्न केलं नव्हतं. मोठ्या बहिणीबरोबर इथे राहायला आल्या आणि वर्षभरात ती बहीण गेली. मग पुढच्या खोलीत हे मशीन आलं.

गोळ्यांवर त्यांचा भारी राग. "दुखतंय टाचेत, आणि औषध घालायचं पोटात? म्हणजे नेरूळहून शेजारच्या शिरवण्याला जायला तळोज्याला वळसा!" डॉक्टरांनी लिहून दिलेलं औषध त्या पॅडवर घालायच्या, पॅड दुखऱ्या जागी बांधायच्या आणि बारीकसा करंट सोडायच्या. औषध कातडीतून आत कसं जातं, असं कुणी विचारलं की बाई खुलायच्या. "अहो, औषधाचा आणि पॅडचा स्वभाव एकच. दोघंही प्लस, नाहीतर दोघंही मायनस. एका घरात पटत नाही. मग पॅड औषधाला ढकलून देतो, आणि ते बिचारं जातं तुमच्या टाचेत राहायला."

आई गेल्यावर मी बाबांना गिरगावातून इथे आणलं होतं. इथे त्यांच्या ओळखीचं कुणी नव्हतं. दिवसभर गॅलरीत बसायचे आणि "हो", "नको", "असू दे" एवढ्यावर दिवस भागवायचे. त्यातच टाच धरली. सकाळी पलंगावरून पाय खाली टेकवला की कळवळायचे. डॉक्टरांनी चिठ्ठी दिली आणि मी त्यांना बाईंकडे पोचवलं.

बाबांच्याच वेळेला शिरवण्याच्या पार्वतीबाई यायच्या. मासळी विकायला उभं राहून राहून त्यांचीही टाच गेलेली. आल्या आल्या ओरडायच्या, "बाय, लवकर कर गो! माजा म्हावरा बर्फावर हाय!" बाई त्यांना झटपट मोकळं करायच्या. बाबांना मात्र पाऊण तास. दुखणं तेच, औषध तेच, मशीन तेच.

पहिल्यांदा मी लक्ष दिलं नाही. पण कंपनीत माझं कामच मीटर तपासायचं. एका शनिवारी बाबांना आणायला जरा लवकर गेले आणि सवयीने नजर मशीनवर गेली. पार्वतीबाईंच्या वेळी नुकताच पाहिला होता, त्याच्या निम्म्यावर आता काटा होता. बाबा बाहेर चपला घालायला गेल्यावर मी विचारलंच.

"बाई, बाबांना करंट कमी का? मशीन बिघडलंय का?"

"मशीन उत्तम आहे."

"मग?"

"करंट निम्मा ठेवला की वेळ दुप्पट लागतो. औषध तेवढंच जातं. पार्वतीला घाई असते. तुझ्या वडिलांना कसली घाई आहे, शुभा?"

मी थोडी चिडलेच. "पण उगाच एवढा वेळ बसवून—"

बाई पॅड धुवत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "पहिली पंधरा मिनिटं ते भिंतीकडे बघतात. मग पंख्याबद्दल काहीतरी बोलतात. काल अगदी शेवटी म्हणाले, सुमतीला गरम चहा चालायचा नाही, बशीत ओतून फुंकत बसायची. काटा वर नेला असता, तर तोवर ते घरी गेले असते."

सुमती माझी आई. ती गेल्यापासून बाबांच्या तोंडून तिचं नाव मी एकदाही ऐकलं नव्हतं. बाईंनी नळ बंद केला आणि ओला हात माझ्या पाठीवर ठेवला.

हळूहळू टाच बरी झाली. बाबा दुधाच्या बूथपर्यंत चालत जाऊ लागले. बाईंनीच सांगितलं, "आता पुरे, दातार. उद्यापासून यायचं नाही." बाबा पुन्हा गॅलरीत बसू लागले. फक्त आता मधूनच खाली वाकून तळमजल्याकडे बघायचे.

आठवडा झाला असेल. रविवारी संध्याकाळी बेल वाजली. दारात मोघेबाई उभ्या, एका हाताने दुसऱ्या हाताचं कोपर धरून.

"दातार, कोपर धरलंय हो. एका हाताने पॅड काही नीट बांधता येत नाही. आणि करंट चालू असताना कुणीतरी जवळ बसायला हवं."

बाबा लगबगीने उठले. चष्मा शोधला, तो कपाळावरच होता. "वेळ लागेल गं मला," ते मला म्हणाले. "जेवायला थांबू नकोस."

दोघं बोलत बोलत जिना उतरले. त्याच दिवशी सकाळी मागच्या अंगणात जास्वंदीला पाणी घालताना बाईंना मी पाहिलं होतं. भरलेली बादली त्यांनी त्याच हाताने उचलली होती.

मी बाबांचं ताट झाकून ठेवलं.